पाणी पायरीला लागतं तेव्हाची कविता

मी एक जुना कर्णा आहे. रेवदंड्याच्या धक्क्यावर वाचनालयाच्या खांबाला मला बांधलेलं आहे. मित्रांनो, माझा रंग उडालाय, कडा गंजल्यात, पोटात गांधीलमाश्यांनी दोनदा घर केलं. त्याचं मला काही वाटत नाही. मला राग आलाय तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

मुंबईच्या एका कारखान्यात पत्रा ठोकून मला घडवलं. कर्ण्याला स्वतःचं काही बोलता येत नाही. आत येईल ते मोठं करून बाहेर टाकायचं, एवढंच त्याचं काम. पण माझं नशीब थोर, कारण माझ्या आत पहिल्यांदा आला तो श्यामलाबाईंचा आवाज. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, इथल्याच नारळाच्या वाडीत राहणाऱ्या. रोज सकाळी त्या माईकवर दिवसाचं महत्त्व सांगत आणि त्याला शोभेल अशी कविता म्हणत. पंचवीस सप्टेंबरला चिरनेरच्या हुतात्म्यांची, नारळी पौर्णिमेला दर्याची. कविता मिळाली नाही तर स्वतः लिहीत. जाळी सांधणारे हात तेवढा वेळ थांबायचे. रिक्षावाले इंजिन बंद करायचे. काय रुबाब होता माझा!

एका दिवशी मात्र बाई घड्याळाकडे बघत नसत, पाण्याकडे बघत. तो दिवस श्रावण शुद्ध त्रयोदशीचा. खूप वर्षांपूर्वी त्या तिथीला, दर्याला नारळ वाहायच्या आधीच, चांगदेवाने होडी पाण्यात घातली आणि तो परत आला नाही. त्याची बायको सगुणा दरवर्षी त्या दिवशी धक्क्यावर येऊन बसते. त्या तिथीची भरती धक्क्याच्या वरून दुसऱ्या पायरीला लागते, त्या दिवशी लागली होती तशीच. तेवढ्यापुरता नवरा जवळ येतो, असं ती मानते. बाईंनी तिच्यासाठी कविता लिहिली होती. पायरी भिजली की बाई ती म्हणत, मी ती पार खाडीपर्यंत पोचवत असे, आणि सगुणा पदर झटकून घरी जात असे.

गेल्या गणपतीनंतर बाईंचे गुडघे गेले. लेकीने त्यांना पुण्याला नेलं. माईक आला सगुणाच्याच मुलाकडे, प्रणयकडे. बाप गेला तेव्हा तो रांगत होता. लहानपणापासून शिकायला पनवेलला राहिला, त्यामुळे आईची ती तिथी त्याने कधी पाहिली नाही; आता अलिबागला नोकरी करतो. मुलगा वाईट नाही हो! पण त्याने माईक कपाटात टाकला आणि मला फोन जोडला. फोनच म्हणे दिवस शोधतो, फोनच कविता शोधतो आणि गोड आवाजात वाचतोही. वर्षभराचं काम एका बैठकीत उरकलं.

मग सुरू झाली माझी विटंबना. चिरनेरच्या हुतात्म्यांच्या दिवशी फोनला कुठला तरी स्वप्नांचा दिवस सापडला, आणि मी गोळ्या झेललेल्या माणसांच्या नावाऐवजी गुलाबी स्वप्नांवर ओरडलो. जानेवारीत मी रेवदंड्याला बर्फाची कविता ऐकवली. इथे बर्फ फक्त मासळीच्या पेटीत असतो! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. आणि सगळे ऐकून घेत होते. एकानेही हटकलं नाही. त्यांचाही मला राग आहे.

सात ऑगस्टला प्रणयने बापासाठी कविता लावली. सरकारी कागदावर बाप गेल्याची तारीख तीच. यंदा अधिक महिना आलेला, आषाढसुद्धा सरला नव्हता. पाणी पायरीपासून लांब, खाली नुसता चिखल. सगुणा कोळंबी सोलत होती.

"आये, आयकलीस ना?" त्याने विचारलं.

"आयकली," ती म्हणाली आणि पुढची कोळंबी उचलली. तिला वाटलं असावं, पोराने हौसेने लावली, खरी कविता तिच्या तिथीला होईलच.

त्रयोदशी आली. सगुणा सकाळीच येऊन बसली. प्रणय सणाची पताका बांधायला माझ्या खांबावर चढला होता. पाणी चढत चढत दुसऱ्या पायरीला लागलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? 'ढोल वाजव, गुलाल उधळ, आनंदाने नाच रे!' फोनच्या लेखी तो सणाचा आठवडा होता. मित्रांनो, त्या क्षणी मला गंजून गळून पडावंसं वाटलं.

"बंद कर ता!" सगुणा ओरडली. आजवर मी तिचा चढा आवाज ऐकला नव्हता.

"काय झाला, आये?"

"पानी बघ पायरीवरचा. तुजा बापूस आज गेला. सातला न्हाय, आज!"

प्रणय खाली उतरला. त्याने पायरी पाहिली, आईला पाहिलं आणि माझी फोनची तार ओढून काढली. कपाटातला माईक आणला. पण कविता त्याला कुठे येत होती?

"मी सांगतंय," सगुणा म्हणाली. "माझ्यामागून बोल."

ती खालून एकेक ओळ सांगत गेली आणि तो माझ्यातून म्हणत गेला:

पाणी चढलं पायरी,
दर्या दाराशी वाकला;
सांग दर्या, माझा धनी
कुठं जपून राखला?

शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला. मी तो फाटलेलाच आवाज खाडीपर्यंत पोचवला. सगुणाने पदर झटकला नाही. पाणी उतरेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.

तुम्हाला वाटेल, माझा राग गेला. मुळीच नाही. नारळी पौर्णिमा झाली, तार पुन्हा जोडली गेली, आणि आज सकाळी मी परत कुठल्याशा दिवसाचं गोड गोड ओरडलो. माझी घाण पुसू नका, मला रंगही देऊ नका. पण मित्रांनो, कुणाच्या दिवसाला कविता लावायची असेल, तर फोन उघडायच्या आधी एकदा धक्क्यावर या आणि पाणी कुठवर आलंय ते बघा.