बोटुकलीसाठी रेडिओ

मंगळवारी दुपारी, लाखनीच्या हायवेवरच्या हेमराजच्या गाडीसामानाच्या दुकानात, फकिराभाऊ गाडीत सॅटेलाईट रेडिओ घ्यावा की नाही याचा विचार करत तिसरा चहा पीत होते. हा विचार गेले पंधरा दिवस चालला होता आणि चहा हेमराजचा होता.

गाडी म्हणजे जुनी व्हॅन. मागची सीट काढून तिथं पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या रचायच्या. पन्न्यांत बोटाएवढे मासे, बोटुकली. मासेमारांच्या सोसायटीचं हे बीज तलावोतलावी पोचवणं हे फकिराभाऊंचं काम. आणि त्यांचं ठाम मत होतं की रेडिओ बंद पडला की बोटुकली मरते.

"अड्याळच्या रस्त्यानं जंगल लागलं का जुना रेडिओ नुसता खरखर करते," ते सांगत होते. "तेवढ्यात दहाबारा पिल्लं उलटी होतात. मोजली हायेत म्या."

"हा थेट वरून येते, भाऊ." हेमराजनं बोट वर केलं. वर पंखा होता. "उपग्रहाले झाडं आडवी येतात का?"

निवाड्यासाठी रिताला बोलावलं होतं. रिता फकिराभाऊंची एकुलती एक मुलगी. बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची आणि कुणी चुकीचं बोललं की तिला राहवत नसे. तिनं खोका उलटा करून बारीक अक्षरं वाचली.

"बाबा, हा उपग्रहाचा नाही. यात सिमकार्ड लागते. मोबाईलच्या टॉवरवर चालते हा. जंगलात तुमच्या फोनले रेंज येते का?"

"नाही येत."

"मग यालेही नाही येणार. आणि मासोळीले रेडिओ समजत नाही."

"तुले काय मालूम? तुयाशी बोलली नसन. एकडाव येऊन तर पाय."

गिऱ्हाईक हातचं जातंय हे पाहून हेमराज म्हणाला, "आठ दिवस लावून देतो. नाही पटला तर काढून नेईन. मॅडमले काही बोलायचं कामच नाही."

घरी येताना नव्या रेडिओवर कुठल्याशा देशातली एक बाई इंग्रजीत सांगत होती, की पुलावर गाड्या अडकल्यात. फकिराभाऊ मन लावून ऐकत होते.

"काय म्हणते?"

"पुलावर गर्दी हाये म्हणते."

"बरं झालं, आपल्याले तिकडं जायचं नाही."

दारात गाडी लावून ते म्हणाले, "उद्या सिहोऱ्याले बीज न्यायचं हाये. येतेस का संगं?"

असं ते दर आठवड्याला विचारत. रिता दर आठवड्याला म्हणे तेच म्हणाली, "वह्या तपासायच्या हायेत, बाबा."

"हव, तपास. रेडिओ हाये आता."

सकाळी शकुनबाईंनी चहाला हाक मारली, तर नवरा उठला नाही. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले.

तेरवी झाल्यावर दुसऱ्या दिवशी हेमराज आला आणि बराच वेळ चपलांकडं पाहत बसला. "वहिनी, विषय काढावा का नाही... आठाचे पंधरा झाले. काढू का ठेवू?"

"मले नको विचारू," शकुनबाई म्हणाल्या. "रेडिओचा निवाडा हिच्याकडं होता."

तो निवाडा रितानं दिला नव्हता. नुसती चूक दाखवली होती. आता तिनं तो रीतसर द्यायचं ठरवलं. अड्याळचं बीज तसंही खोळंबलं होतं. "जंगलातून नेऊन पाहते, मग सांगते," ती म्हणाली. गाडी तिनंच काढली, आणि वस्तू आपली आहे म्हणून हेमराजही शेजारी बसला.

जंगल लागलं आणि रेडिओ मुका झाला. पडद्यावर एक गोल नुसता फिरत राहिला.

"आज झाडं जास्त हायेत," हेमराज म्हणाला.

रिता बरोबर ठरली होती. एरवी तिला बरोबर ठरण्याचा आनंद व्हायचा. मागं पन्न्यांत पाणी डुचमळत होतं, रस्ता संपत नव्हता, आणि शेजारी माणूस असूनही तिला कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं. या रस्त्यानं बाबा वीस वर्षं एकटे जात होते.

जंगल संपल्यावर तिनं गाडी थांबवली, मागचं दार उघडलं आणि एकेक पन्नी उजेडाला धरून पाहिली. हेमराजनंही पाहिली.

"एकही नाही मेली," तो म्हणाला. "मग भाऊ काहून म्हणत होते? बोटुकलीले तर रेडिओचं काही पडलंच नाही."

"बोटुकलीले नव्हतं पडलं," रिता म्हणाली.

हेमराजला ते कळलं की नाही कोण जाणे. त्यानं हळूच विचारलं, "मग ताई, काढू का ठेवू?"

तिनं पन्न्यांवरून पलीकडं, चालकाच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं.

"रेडिओ कायले पाहिजे, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "मी येईन ना संगं."