कागदावर गेलेले ड्रम

"तीनदा धुतला, चिंच लावून घासला, तरी ह्या ड्रमाचा वास जात न्हाय गं!"

"फुकट मिलला ना? मग वास पन फुकटच. ठेवून घे!"

नळावरच्या रांगेत दोघी हसल्या. त्यांच्या मागे उभी असलेली प्रज्ञा हसली नाही. घरी तिची आई, धोंडूबाई, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. कोपरापर्यंत कातडी सोलून निघालेली. तीन आठवडे तिला स्वतःच्या हाताने घास घेता येत नव्हता. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "कसलं केमिकल हाताळता का?"

"मी? मी तांदूल धुते," आई म्हणाली होती.

शेजारी बसलेल्या प्रज्ञाने तेव्हा घरातल्या ड्रमाचं नाव काढलं नाही.

गावात पाणी एक दिवसाआड येई. त्यामुळे कुणाला रसायनांच्या कंपनीत नोकरी लागली की पगाराच्याही आधी घरी निळा ड्रम यायचा. ब्लेडने लेबल खरवडायचं, टेम्पोत चढवायचा, आणि शेजारणींनी कौतुकाने बघायला यायचं. प्रज्ञानेही असाच आणला. आणि कंपनीत तिचं काम कोणतं? घातक कचऱ्याचं वार्षिक विवरणपत्र भरायचं! त्यात एक ओळ असे: 'रिकामे दूषित ड्रम ६१२, अधिकृत रिसायकलरकडे रवाना.' मॅनेजर विनेश सर आकडा सांगत, ती लिहीत असे.

आता तिला सूड हवा होता. शनिवारी ग्रामपंचायतीत स्वच्छ उद्योग म्हणून कंपनीचा सत्कार होता आणि शाल घ्यायला विनेश सर स्वतः येणार होते. आदल्या संध्याकाळी प्रज्ञाने ड्रमाच्या तळाचं पाणी तांब्यात काढलं.

"हे कशाला?" दारातून सगुणाबाईंनी विचारलं. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती.

"उद्या पाहुण्यांचे हात धुवायला. आईचे सोलले ना? त्यांचेही सोलू देत! कोपरापर्यंत!"

"बरं. मग?"

"मग काय?"

"ते मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडे जातील, तू पोलीस चौकीत जाशील, आणि ड्रम राहतील गावात. एवढ्यावर भागलं तुझं? फारच थोडक्यात सोडतेस गं त्यांना!"

"मग माफ करू?"

"माफीचं नाव कोण काढतंय? पण असली माणसं पाण्याला भीत नाहीत, खऱ्या कागदाला भितात. आणि तो कागद लिहिणारी या गावात तू एकटी."

"नोकरी जाईल, बाई."

"जाईल." सगुणाबाईंनी खोटा धीर दिला नाही. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्याही मोरीत तसला ड्रम आहे. भाच्याने आणलाय. चाळीस वर्षं दुसऱ्यांना वाचायला शिकवलं, आणि त्या ड्रमावरचं अर्धं उरलेलं लेबल वाचून गप्प बसले."

प्रज्ञा तांब्या घेऊन मोरीकडे वळली.

"ओतू नकोस!" बाई ओरडल्या. "बाटलीत भर. तपासायला लागेल."

शनिवारी सभागृह भरलं होतं. विनेश सरांच्या खांद्यावर शाल पडली. ते हसून म्हणाले, "आमच्या कंपनीचा एकही ड्रम नियमाबाहेर जात नाही!"

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या मोरीत निळा ड्रम होता, आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी कंपनीत होतं. म्हणूनच टाळ्या जरा जास्त वाजल्या. धोंडूबाईला मात्र वाजवता आल्या नाहीत.

मंडळी, विष काही कारखान्याच्या फाटकातून आपल्या पायांनी चालत येत नाही. खुर्चीवरचा कुणी त्याला कागदावर नाहीसं करतो, आणि आपलंच माणूस त्याला हौसेने घरी आणतं. जाब दोघांनाही विचारायला हवा, आणि सुरुवात घरातून केली तरच वरच्याची मान हाती लागते!

प्रज्ञा उठली.

"सर, सहाशे बारा ड्रम रिसायकलरकडे गेलेच नाहीत. आकडा तुम्ही सांगितला, खोटा लिहिला मी. दुरुस्त विवरणपत्र आज सकाळी प्रदूषण मंडळाला गेलंय. खाली तुमचंही नाव आहे, माझंही. ड्रमात काय होतं, ते डॉक्टरांनाही लिहून दिलंय."

सरांनी शाल खांद्यावरून काढून हातात घेतली, मग ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. ते बघून प्रज्ञाला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू!

"बस गं खाली," मागून कुणीतरी कुजबुजलं. "आपल्याच मान्सांच्या नोकऱ्या हायत तिथं."

ती बसली नाही. सरांकडे पाठ करून ती आईकडे वळली.

"आई, तुझे हात कंपनीच्या ड्रमाने जाळले. आणि तो ड्रम घरात मी आणला."