शिसं, चांदी आणि दीड दात

आमच्या ठकीला दीड दात आहे. एक पूर्ण वर आलेला, दुसरा नुसता डोकावणारा. एवढ्या भांडवलावर तिचं सोफ्याचा हात, रिमोट, माझ्या चपलेचा पट्टा असं सगळं चावून झालंय. मी दिवसभर तिच्या मागे फिरून तोंडातल्या वस्तू काढत असते. घरातले म्हणतात, मी फार करते. करते तर करते.

त्या दुपारी कपडे वाळत घालून पुढच्या खोलीत आले. ही खोली म्हणजे माझ्या सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान. ठकी त्यांच्या मांडीवर बसून एक धातूचा मासा मन लावून चघळत होती. कापताना कापड सरकू नये म्हणून वर ठेवायचं ते वजन. बोटाएवढं लांब, पोटाला चांगलं जाड.

"बाबा, हे कशाचं आहे?"

"चांदीचं," ते सुईत दोरा ओवत म्हणाले. "ज्यांच्या दुकानात शिवण शिकलो, त्या उस्तादांनी दिला मला. म्हणाले, चांदीचा आहे, जपून ठेव. इतकी वर्षं जपला, आता नातीला दिला."

मी तो हातात घेतला. जड म्हणजे किती जड. वजनं शिशाचीही करतात, आणि शिसं लहान मुलांच्या पोटात थोडंसं गेलं तरी वाईट, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. फ्रिजवरचं चुंबक लावून पाहिलं, चिकटेना.

"चिकटणारच नाही. चांदीला कुठे चुंबक लागतं?" बाबा खुशीत म्हणाले.

"शिशालाही लागत नाही. जरा खरवडून पाहू?"

"चांदीला ओरखडे? अजिबात नाही."

ठकीने मासा गेल्याचं लक्षात येताच भोकाड पसरलं. माझी पदवी विज्ञानाची. घरात तिचा उपयोग आजवर फ्यूज बदलण्यापलीकडे झाला नव्हता. मी स्वयंपाकघरातून वजनकाटा आणि ठकीची रुंद तोंडाची दुधाची बाटली आणली. बाटलीवर मिलिलिटरच्या रेघा असतातच.

"आता काय, माशाला दूध पाजणार?"

"घनता काढणार. एकाच मापाच्या जागेत कुठला धातू किती वजनाचा मावतो, ते ठरलेलं असतं."

बाबांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे कापडासारखं. एक मीटर मलमल आणि एक मीटर जीन. लांबी-रुंदी तीच, पण हातात धरलं की कळतं कुठलं काय."

"अगदी तसंच. फक्त माशाला मीटरने मोजता येत नाही, म्हणून पाण्यात बुडवायचा. तो जेवढी जागा घेईल तेवढं पाणी वर चढेल."

काट्यावर मासा भरला दोनशे चाळीस ग्रॅम. बाटलीत एकशेदहाच्या रेघेपर्यंत पाणी घेतलं आणि ती कापायच्या टेबलावर ठेवली. "मान माझा," म्हणत बाबांनी वरून मासा सोडला. डुबुक. पाणी एकशेबत्तिसाच्या आसपास थांबलं. बावीस मिलिलिटर. दोनशे चाळीसला बावीसने भागलं, उत्तर दहा पूर्णांक नऊ. मोबाइलवर आकडे पाहिले. चांदी साडेदहा, शिसं अकरा पूर्णांक तीन. आमचा मासा बरोबर मधोमध.

"साडेदहा म्हणजे चांदीच की," बाबा म्हणाले. "बाटलीच्या रेघा त्या, थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

"तेवढंच इकडेतिकडे झालं तर ते शिसं होतं, बाबा."

आता बाबांनीही ठकीच्या हिरड्यांकडे जरा वाकूनच पाहिलं. मी डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले. कुठून सुरुवात करून सांगायचं, तेही सुचेना.

फट्. फट्. फट्.

ठकीचं रडणं केव्हाच थांबलं होतं. आजोबांच्या मांडीवरून ती दोन्ही पंज्यांनी टेबल बडवत होती आणि प्रत्येक फटक्याला तोंडावर तुषार उडाले की खिदळत होती. मी तिचे हात पुसायला गेले आणि तशीच थांबले.

"बाबा, हे पाणी कुठून आलं?"

"मगाशी मासा सोडला ना, तेव्हा उडालं थोडं."

थोडं. जे पाणी रेघेवर चढायला हवं होतं, ते टेबलावर सांडलं होतं. म्हणून मासा होता त्यापेक्षा लहान वाटला, आणि लहान वाटला म्हणून घनता जास्त आली. हे इतकं सरळ मला सुचलं नाही. नातीला सुचलं, असं बाबा आता सगळ्यांना सांगतात.

पुन्हा एकशेदहापर्यंत पाणी भरलं. या वेळी बाबांनी माशाच्या शेपटीला दोरा बांधला, शिंप्याची गाठ, आणि श्वास रोखून तो हळूहळू आत सोडला. एक थेंब उडाला नाही. मी खाली वाकून डोळा रेघेच्या पातळीला आणला. एकशेचाळीस.

"तीस. म्हणजे आठ. बाबा, शिसं नाही."

"आणि चांदी?"

मी मोबाइलवरचा साडेदहाचा आकडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोऱ्याने मासा वर काढला, पाणी निथळू दिलं. मग कात्री घेतली आणि स्वतःच तिचं टोक माशाच्या पोटाखाली जोर लावून ओढलं. मऊ चांदीत ते रुतलं असतं; इथे सटकलं. जेमतेम केसाएवढी रेघ उठली, आतही तोच रंग.

"स्टील," ते म्हणाले. "आपल्या चमच्यांचं असतं ते. त्यालाही चुंबक लागत नाही."

"उस्तादांनी मोजलं नसेल हो."

"मोजतील कशाला? मी त्यांचं दुकान सोडून जायला निघालो होतो तेव्हा. चांदीचा मासा दिला म्हणून राहिलो." ते स्वतःशीच हसायला लागले, इतके की ठकीही कारण नसताना हसली.

मी मासा उकळत्या पाण्यातून काढला, गार केला, आणि जड असल्यामुळे मांडीवर बसूनच खेळायचा या अटीवर तिला दिला. दीड दात लगेच कामाला लागला.

"चावू दे," बाबा तिला नीट धरत म्हणाले. "चांदीचा असता तर मीच काढून घेणार होतो. दात उमटले असते त्याच्यावर."