नेत्राने न निवडलेले कार्ड

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पडद्यावर तुम्ही धावत्या गाड्या आणि कोसळणारे पूल पाहता ना, ती चित्रे रंगवण्याचे काम माझे. माझ्या अंगावर तीन पंखे आहेत. दिसायला मी अजूनही देखणा आहे, आणि तेच माझे दुर्दैव आहे.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यात झाला. आता एखाद्या मुलाच्या टेबलावर बसायचे, त्याच्याबरोबर हरायचे, जिंकायचे, असे मला वाटले होते. पण मला नेले धारवाडजवळच्या बेलूरला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे माझी चाळीस भावंडे लोखंडी मांडणीवर ओळीने टांगलेली होती. समोर ना पडदा, ना चित्र. इंटरनेटवरची आभासी नाणी मिळवण्यासाठी आम्ही नुसती आकडेमोड करायची. दोन वर्षे आम्हाला कोणी तासभरही बंद केले नाही. एप्रिलमध्ये पत्रा तापला की माझ्या पोटातल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ गाद्यांमधून तेल ओघळायचे. मधला पंखा कुरकुरू लागला. ते कोणी ऐकले नाही.

पुढे त्या नाण्यांत राम उरला नाही. एका दुपारी हुबळीच्या कमरीपेठेतले दुकानदार परशुराम शेडवर आले. मालकाने त्यांना स्वच्छ सांगितले, "दोन वर्षं सलग चाललीत ही. बघून घ्या."

परशुराम हसले. "आतलं कोण बघतंय, अण्णा? वरनं चकचकीत दिसलं की झालं."

दुकानात त्यांनी मला स्पिरिटने पुसले, माझ्या कडेच्या लोखंडी पट्टीवरचा गंज रंगाने झाकला आणि नव्या पिशवीत घातले. आठवड्याभरात गिऱ्हाईक आले. ती त्यांची सख्खी भाची होती.

नेत्रा धारवाडची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. स्वाती आणि अभिषेक या मित्रांबरोबर तिने गेमिंगचा संघ केला होता आणि राज्याच्या स्पर्धेसाठी तिला नवा संगणक जुळवायचा होता. तीन आठवडे अभ्यास करून तिने एक वही भरली होती. कोणते कार्ड सेकंदाला किती चित्रे काढते, वीज किती खाते, वॉरंटी किती वर्षांची, सगळे त्यात होते. त्यातून तिने एक छोटे, दोन पंख्यांचे, कोरे कार्ड निवडले होते.

"माझ्या पडद्याला एवढं पुरतंय, अप्पा," ती वडिलांना म्हणाली. "ह्याच्यापेक्षा मोठं घेऊन काय करायचं?"

परशुरामांनी मला काउंटरवर ठेवले. "ते खेळणं राहू दे ग. त्याच किमतीत हे थोरलं देतो. एका डॉक्टरच्या घरातलं आहे, सहा महिनेच वापरलंय."

नेत्राने मला उलटून पाहिले. "मामा, ह्याचं बिल कुठाय?"

"मामाकडं बिल मागतेस?"

तिचे वडील हणमंतराव शाळेत मास्तर. चारचौघांत त्यांना अवघडल्यासारखे झाले. "मामा सांगतोय ना? दुकान त्याचं आहे का तुझं?"

नेत्राने वही मिटली. मित्रांनो, मला तेव्हा ओरडून सांगायचे होते, की मुली, तुझेच बरोबर आहे. पण कार्डाला तोंड नसते.

तिने मला नाइलाजाने घेतले, तरी वागवले मात्र प्रेमाने. दर रविवारी रंगाच्या मऊ ब्रशने ती माझी धूळ झाडायची. माझ्या आयुष्यात मला प्रथमच विश्रांती मिळत होती. मीही जीव तोडून चित्रे काढली. संघ एकेक फेरी जिंकत गेला. चार महिन्यांनी तो अंतिम फेरीत पोहोचला, तेव्हा नेत्राने संगणकाच्या पेटीवर हात ठेवून म्हटले, "शाब्बास रे." तेवढी एकच शाबासकी मला मिळाली आहे.

अंतिम सामना दुपारी होता. तिसऱ्या डावात माझे पोट तापले. पडद्यावर रंगीत चौकोन उमटले आणि पाठोपाठ सगळा काळोख झाला. नेत्राने तीनदा संगणक चालू करून पाहिला. कानातल्या यंत्रातून स्वातीचा आवाज येत होता, "नेत्रा, कुठं आहेस? नेत्रा, बोल की!"

ते हरले. महिन्याभरात संघाने नेत्राच्या जागी दुसरी मुलगी घेतली.

परशुरामांनी सगळ्या नातेवाइकांत सांगितले, "चांगलं कार्ड होतं. पोरीनं दिवसभर गेम खेळून जाळलं." नेत्राची आई सुशीलाबाईसुद्धा तेच म्हणू लागल्या.

मग नेत्राने मला उघडले. ओघळलेले तेल, रंगाखालचा गंज, झिजलेला पंखा, सारे तिने वडिलांना दाखवले. हणमंतरावांनी गंजावरून बोट फिरवून पाहिले.

पुढच्या सणाला परशुराम जेवायला आले. नेत्राने मला त्यांच्यासमोर ठेवले. "मामा, हे कुठल्या डॉक्टरच्या घरातलं?"

परशुरामांचा घास थांबला. पण हणमंतरावच आधी बोलले, "सुम्नीर, नेत्रा, गप्प बस! थोरल्यांना असं विचारतात?"

मामा गेल्यावर वडील हळू आवाजात म्हणाले, "मला दुकानातच शंका आली होती. पण तुझ्या आईचा एकुलता एक भाऊ आहे तो."

"मीपण एकुलतीच आहे, अप्पा," नेत्रा म्हणाली.

हणमंतराव उठून अंगणात गेले. त्यानंतर नेत्राने घरात कशासाठी हट्ट धरलेला मी पाहिला नाही. पुढे कोणते विषय घ्यायचे हेही तिने वडिलांनाच ठरवू दिले. "तुम्ही म्हणाल तसं," एवढेच ती म्हणाली. ते ऐकून हणमंतरावांचा चेहरा उतरला.

पुढच्या खेपेला 'दुरुस्त करून बघतो' म्हणून परशुराम मला परत घेऊन गेले. त्यांनी गरम हवेने माझी जुनी जोडणी पुन्हा चिकटवली. असे चिकटवलेले काही आठवडे टिकते. आज मी पुन्हा काचेच्या कपाटात बसलो आहे, आणि माझ्यावर 'थोडेच वापरलेले' अशी चिठ्ठी आहे.

मित्रांनो, निर्जीव वस्तूलाही पूर्वायुष्य असते. ते विचारा. बिल मागण्यात कुणाचा अपमान होत नाही. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या मुलीने वही भरून अभ्यास केला असेल, तर ती वही आधी वाचा. उद्या सकाळी एक गृहस्थ मुलाला घेऊन मला पाहायला येणार आहेत. तो मुलगा तुमच्यापैकीच कोणी असेल, तर मला घेऊ नका.