स्वतःचं मानपत्र

"मानपत्र तेवढं तुम्हीच लिहून द्या, सर," तात्यासाहेब खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "तुमच्यावर तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण लिहिणार? एकच पान. मराठीत. गुरुवारपर्यंत."

बद्रीनाथांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं ते हिंदीत कविता आणि नाटकं लिहीत आले. मराठीवाल्यांनी विचारलं, आपल्या भाषेत काय दुष्काळ पडला होता? उत्तरेकडच्या हिंदीवाल्यांनी नाकं मुरडली, ही कसली दखनी खिचडी? आता सत्तरी उलटल्यावर तात्यासाहेबांच्या संस्थेला त्यांना जीवनगौरव देण्याची उबळ आली होती, आणि त्या अख्ख्या संस्थेत त्यांची एक ओळ वाचलेला माणूस शोधून सापडला नसता.

"पाहुणे कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

"काकासाहेब! वाळूजवाले. सगळा कार्यक्रम त्यांच्याच कृपेनं."

बद्रीनाथांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. काकासाहेबांच्या वाळूजच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर गयास नावाच्या कामगाराच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. त्यावर बद्रीनाथांनी नाटक लिहिलं, 'प्रेस नंबर चौदह'. कामगारांनीच ते बसवलं, आणि गयास स्वतःच त्यात नायक झाला. शेवटच्या प्रवेशात तो आपला उजवा हात लोकांसमोर धरायचा आणि शांतपणे विचारायचा, "साहब, मेरी तीन उँगलियाँ कहाँ रखीं?" प्रेक्षकांत बसलेले कामगार खुर्च्या सोडून उभे राहायचे.

सात प्रयोग झाले. सातव्याला कारखान्याचे साहेब लोक पहिल्या रांगेत येऊन बसले आणि आठवडाभरात त्या बोटांच्या वाक्यानं कंपनीची बदनामी केली म्हणून गयासवर चौकशी लागली. त्याचं म्हणणं सरळ होतं: वाक्य नाटकातलं आहे, सरांनी दिलेलं आहे. पण ते वाक्य सरांना ऐन तालमीत सुचलं होतं, वहीत ते नव्हतंच. खरं काय ते दोघांनाच ठाऊक. सरांना साक्षीला बोलावलं. ज्या शाळेत ते हिंदी शिकवायचे, तिच्या कार्यकारिणीवर काकासाहेब होते. सर म्हणाले, "मला आठवत नाही. त्यानं आपल्या मनानं घातलं असेल."

गयासची नोकरी गेली. पुढं हर्सूलला त्यानं पंक्चरचं दुकान टाकलं, त्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांनी टायर उलटे-पालटे केले, आणि गेल्या वर्षी तो वारला. बद्रीनाथांनी त्यानंतर एकही नाटक लिहिलं नाही. चंद्रावर लिहिलं, मोगऱ्यावर लिहिलं. चंद्र कुणाच्या कंपनीची बदनामी करत नाही. आणि त्या मिळमिळीत कवितांबद्दल आता शाल मिळणार होती.

तात्यासाहेब गेल्यावर आशाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ही बाई लग्नापासून त्यांचा राग ओळखून होती.

"नाय म्हणून सांगून टाका त्यान्ला."

"नाही. लिहितो."

"मंग या येळी तरी खरं लिवा," त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

त्यांनी लिहिलं. दोन दिवस लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. तात्यासाहेबांनी कागद घेतला, "वा, काय अक्षर आहे सरांचं!" म्हणाले आणि न वाचताच छापायला पाठवला. छापणाऱ्यानं सोनेरी वेलबुट्टी काढली, वर बद्रीनाथांचं नाव ठसठशीत टाकलं आणि काचेच्या चौकटीत बसवून दिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बद्रीनाथ स्वतः हर्सूलला गेले. "भाभी, आज मंचावर गयासचं नाव घेतलं जाईल. तुम्ही यायचंच," त्यांनी गयासच्या बायकोला, अनवरीला, सांगितलं. ती आली. तिसऱ्या रांगेत कडेला बसली.

काकासाहेब दीड तास उशिरा आले. दीपप्रज्वलन झालं, हारतुरे झाले, हार घालणाऱ्यांचेही हार झाले. मग तात्यासाहेब ध्वनिक्षेपकावर आले. "पाहुण्यांना पुढं जायचं आहे, तेव्हा मानपत्र वाचलं असं समजावं." लोकांनी समजून घेतलं आणि टाळ्या वाजवल्या. काकासाहेबांनी चौकट बद्रीनाथांच्या हातात दिली, दोघांनी फोटोसाठी एकाच दिशेला पाहिलं.

वाचलं असं समजावं! बद्रीनाथांनी चौकटीतल्या मजकुराकडं पाहिलं. यांनी आपली पुस्तकं वाचली असं समजायचं, गयासला न्याय मिळाला असंही समजायचं, आणि आपण कवी आहोत असं आपण समजायचं. तिसऱ्या रांगेतून अनवरी त्यांच्याकडं बघत होती.

सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत, अशी विनंती झाली. ते उठले आणि चौकट समोर धरून वाचू लागले.

"या कवीने 'प्रेस नंबर चौदह' हे नाटक लिहिले. त्यात गयास मोहियोद्दीन या कामगाराने काम केले. त्याची बोटे ज्या कारखान्यात गेली, त्याचे मालक आज मंचावर आहेत."

काकासाहेब मोबाइलमध्ये बघत होते, त्यांनी मान वर केली. तात्यासाहेबांनी बाही ओढली. "सर, सर, वेळ..."

"मेरी तीन उँगलियाँ कहाँ रखीं, हे वाक्य कवीचे होते. चौकशीत विचारले, तेव्हा कवी म्हणाला, मला आठवत नाही. कवी खोटे बोलला."

ध्वनिक्षेपक बंद झाला. झाला तर झाला. नाटकवाल्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा न्यायचा हे शिकवावं लागत नाही. "कवी खोटे बोलला आणि त्याची नोकरी टिकली!" ते ओरडले. "गयासची गेली! हा गौरव त्या खोटेपणाचा आहे!"

काकासाहेब तात्यासाहेबांना म्हणाले, "वय झालंय त्यांचं," आणि सदऱ्याची सुरकुती सारखी करत निघून गेले.

बद्रीनाथ शाल खुर्चीवर टाकून पायऱ्या उतरले. किती वर्षांनी छाती मोकळी झाली होती. त्यांनी चौकट अनवरीच्या हातात दिली. "भाभी, हे तुमचं आहे."

अनवरीनं ती मांडीवर ठेवली. वरच्या ठसठशीत अक्षरांवरून बोट फिरवलं.

"इसपे तो तुम्हारा नाम है, बद्रीभाई."

"खाली गयासचं आहे. मी सगळं कबूल केलंय."

"हौ, सुना मैंने." तिचा आवाज चढला नाही. "मरते दम तक वो यही बोला, सर को सच्ची में याद नहीं रहा होगा. तुम्हारी तरफ से मेरे से लड़ता था वो. आज तुमने बोल दिया कि याद था."

तिनं चौकट त्यांच्या हातात परत दिली आणि पदर सावरून ती दाराकडं निघाली.