खुंटीवरचा स्ट्रॅगलर

मी पुठ्ठ्याचा एक जुना तुकडा आहे, मित्रांनो. तळहाताएवढा. माझा एक कोपरा दुमडला आहे आणि पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. तरीही मी स्वतःला कमी लेखत नाही. माझ्या पोटावर ठसठशीत निळ्या शाईत एक इंग्रजी शब्द लिहिला आहे: स्ट्रॅगलर. हा शब्द मी अंगावर वागवतो आणि त्याचा अर्थही जगलो आहे.

माझा जन्म बुटांच्या खोक्याच्या झाकणातून झाला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. संध्याकाळी कामावरून सुटलेली मोठी माणसं तिथे इंग्रजी शिकायला येतात. शिकवणाऱ्या बाईंचा आवाज फार हळू. खाली कुणी चाकात हवा भरू लागलं की त्या वाक्य अर्ध्यावर थांबवत, आणि पंपाचा फुसफुसाट संपला की त्याच शब्दापासून पुढे नेत. कधी चिडल्या नाहीत. तो त्यांचा नेमच होता म्हणा ना.

एकदा धड्यात मेंढ्यांचा कळप आला. कळप टेकडी उतरून गेला आणि एक मेंढी मागे राहिली. बाईंनी खोक्याचं झाकण कापलं आणि दोन कार्डं केली. एक मी, दुसरा माझा जुळा भाऊ, लॅगर्ड. वर्गाला दोघांचा अर्थ एकच वाटला. मागे राहिलेला, संपलं!

बाईंनी शांतपणे फोड करून सांगितलं. लॅगर्ड म्हणजे रेंगाळणारा. त्या शब्दात बोट दाखवल्याचा सूर आहे. स्ट्रॅगलर म्हणजे बरोबर निघालेल्यांपैकी जो मागे पडला, तो. का पडला, ते हा शब्द विचारत बसत नाही. पायाला फोड आलेला शिपाई असो, शर्यतीत सगळ्यांच्या नंतर पोचणारा असो, नाहीतर समारंभ उरकल्यावरही दारात गप्पा मारत उभे असलेले शेवटचे पाहुणे असोत, हा शब्द सगळ्यांना चालतो.

“आणि एवढं लक्षात ठेवा,” बाई म्हणाल्या, “ज्याच्या पुढे त्याची माणसंच नाहीत, त्याला स्ट्रॅगलर म्हणत नाहीत.”

माझ्या भावाची रवानगी टेबलाच्या खणात झाली. त्याची ओळख असू द्या, पण तो कुणाच्या तोंडावर फेकू नका, असं बाईंनी बजावलं. मला मात्र दाराजवळच्या खुंटीवर मानाची जागा मिळाली. माझ्यासाठी त्यांनी एक रीत घालून दिली. ज्याला धडा कळला नाही, त्याने गुपचूप उठायचं, मला खुंटीवरून काढून आपल्यापुढे ठेवायचं. बोलायची गरज नाही. मी खुंटीवर परत जाईपर्यंत वर्गाने पान उलटायचं नाही.

काय दिवस होते ते! बेकरीवाल्या काकांनी मला पिठाच्या हातांनी उचललं, लिफ्ट चालवणाऱ्या मामांनी तर पहिल्या महिन्यात मला जवळजवळ दत्तकच घेतलं. सगळे त्यांना लिफ्टमामा म्हणत. “आमची लिफ्ट वर जाते, मीच खाली राहतो,” असं म्हणून ते स्वतःच हसत. एकदा दुसऱ्या वर्गाच्या बाई पाहायला आल्या आणि मला हातात घेऊन म्हणाल्या, हा तर वर्गातला सगळ्यात उपयोगी विद्यार्थी. मी चार दिवस ताठ होतो. पुठ्ठाच तो, ताठ राहणं काही अवघड नाही.

मग वर्षाच्या मध्यावर इस्त्रीमावशी आल्या. लाँड्रीत दिवसभर चादरी आणि शर्ट इस्त्री करून त्या थेट वर्गात येत, तेव्हा त्यांच्या पदराला वाफेचा वास असे. त्यांची लेक दूर देशी राहते. तिथेच वाढलेल्या नातीला इंग्रजीखेरीज काही येत नाही आणि ती सुट्टीत पहिल्यांदाच आजीकडे येणार होती. मावशींची इच्छा एकच. नातीला झोपवताना एक गोष्ट तिला कळेल अशी सांगायची.

उशिरा आल्यामुळे मावशी रोज मला उचलत. रोज म्हणजे रोज. वर्ग थांबे, बाई पुन्हा सांगत, मावशी ओठ हलवत म्हणत, आणि मग मला पदराने पुसून खुंटीवर अडकवत. त्यांची प्रगती मुंगीच्या पावलांची होती, पण ती होत होती. मी रोज त्यांच्यापुढे असायचो, मला ठाऊक नसणार तर कुणाला?

घोटाळा केला तो प्रेमाने. लिफ्टमामांना मावशींची दया आली. बिचारीला रोज सगळ्यांदेखत उठावं लागतं, असं त्यांना वाटलं. मावशी यायच्या आधीच ते मला आपल्या बाकावर नेऊन ठेवू लागले आणि आपल्याला येत असलेलंच काहीतरी बाईंना विचारू लागले. दुसऱ्या दिवशी बेकरीवाले काका. मग पुन्हा मामा. दोघांनी पाळीच लावून घेतली. रिकामी खुंटी पाहून मावशी आपल्या जागी बसत आणि सगळं कळल्यासारखी मान डोलावत. मामांची खोटी शंका फिटली की मी खुंटीवर जाई आणि पान उलटलं जाई.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट अवस्था ती होती. रोज हातात घेतलं जात असूनही मी बेकार होतो.

एका संध्याकाळी वर्ग चालू असतानाच मावशींचा फोन वाजला. पलीकडे नात. तिने काहीतरी लांबलचक विचारलं. मावशी “येस, येस” म्हणाल्या. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा “येस.” मग पलीकडून काहीच आलं नाही. मावशींनी फोन खाली ठेवला, वही पिशवीत घातली आणि उद्यापासून येणार नाही असं हळूच सांगितलं.

बाईंनी खुंटीकडे पाहिलं. मी तिथे नव्हतो, लिफ्टमामांच्या बाकावर होतो.

“मामा, तुम्हाला आज काय कळलं नाही?”

मामा गोंधळले. मग खरं ते बोलले. “मावशींना रोज ते कार्ड घ्यायला लागायचं, बाई. म्हटलं, तेवढी लाज आपण वाटून घेऊ.”

उत्तर दिलं ते मावशींनी, दारात उभ्या राहून.

“लाज कसली, मामा? कार्ड माझ्यापुढे असायचं तेव्हा तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबायचात. मग रोज दुसऱ्याच कुणाला तरी काही कळायचं नाही. त्यात मी कशाला भर घालू, म्हणून गप्प बसले. बसल्या बसल्या एकटी पडले.”

मामा उठले. मला दोन्ही हातांनी धरून त्यांनी मावशींच्या बाकावर ठेवलं आणि पुस्तकाची पानं मागे, मागे, अगदी मेंढ्यांच्या धड्यापर्यंत नेली. बाकीच्यांनीही नेली. गंमत म्हणजे तो धडा मामांनाही धड आठवत नव्हता. “मावशी, तुमचं झालं की कार्ड इकडे द्या,” ते म्हणाले, “या वेळी खरंच हवंय.” मावशी हसल्या आणि पिशवी खाली ठेवली.

सुट्टीत नात आली. तिला झोपवताना मावशींनी तीच मेंढीची गोष्ट सांगितली. दोन ठिकाणी अडखळल्या, पण मेंढी कळपापर्यंत पोचली. मला हे कसं कळलं? दुसऱ्या दिवशी त्या नातीला वर्गात घेऊन आल्या, दारातच तिला माझी रीत समजावली आणि मग रात्रीची गोष्ट सगळ्यांना सांगितली.

वर्ग मराठीत गप्पा मारत होता. मामांनी लिफ्टवरचा काहीतरी विनोद केला आणि सगळे खो खो हसले. नात प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग ती उठली, दारापाशी गेली, टाचा उंच करून तिने माझा कोपरा घट्ट धरला, मला खुंटीवरून ओढून काढलं आणि आपल्यापुढे ठेवलं.

सगळे थांबले. मामांनी तो विनोद पुन्हा सांगितला, अगदी हळू, हातवारे करून, आणि मावशींनी तिच्या भाषेत.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात, खेळात, घरात कुणीतरी मागे असतं. त्याच्या वतीने हात वर करू नका, त्याला मागे ठेवून पान उलटूही नका. थोडं थांबा. आणि माझा हा कोपरा सरळ करायला कुणी आलंच, तर त्याला सांगा, राहू दे. नातीच्या बोटांची खूण आहे ती.