रविवारची ओळ

मी एक जुना कोड आहे, मित्रांनो. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या चार हजार ओळी, एवढाच माझा पसारा. मी कुणाला दिसत नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

मला एका दातांच्या दवाखान्यासाठी लिहिले ते एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या थोरल्या प्रोग्रॅमरबाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणतात. ठरल्या दिवशी सकाळी रुग्णाला आठवणीचा संदेश पाठवायचा, हे माझे काम. पुढे गॅरेजवाले आले, चष्मेवाले आले, सगळ्यांना मीच पुरलो. ताईंनी नियम घालून दिला होता: सर्वांना लागेल ते माझ्यात, आणि ज्याचे खास ते ज्याच्या त्याच्या फाइलीत.

एकदा ताई रजेवर असताना दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. "रविवारी कुणाला मेसेज पाठवू नका हो, सहा महिन्यांनंतरची तारीख कधी चुकून रविवारची पडते आणि लोक बंद दारापाशी येऊन बसतात." ताईंचे सहकारी भाऊ घाईत होते. "आत्ता इथेच टाकतो, नंतर हलवू," म्हणत त्यांनी 'रविवारी संदेश नको' ही ओळ माझ्याच पोटात ठेवली. गॅरेज आणि चष्म्याचे दुकानही रविवारी बंद, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. उलट कौतुकच व्हायचे. "सहा वर्षं झाली, कुरकुर नाही. त्याला हात लावू नका."

मग डायलिसिस केंद्र आले. ते सातही दिवस चालते.

पहिल्याच रविवारी एका निवृत्त मास्तरांची खुर्ची रिकामी राहिली. एकटे राहणारे, वार विसरणारे, त्यांची सगळी भिस्त माझ्यावर. पण ओळ सांगेल तेच मी करतो. सोमवारी शेजाऱ्यांनी त्यांना आणले तेव्हा पाय सुजले होते, धाप लागली होती. केंद्रातल्या नर्सबाई ताईंना फोनवर म्हणाल्या, "मॅडम, त्यांना मेसेज आलाच नाही. पुन्हा असं झालं तर माणूस हातचा जाईल."

ताईंनी केंद्राची फाइल चार दिवस धुंडाळली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्याकडे कुणी बघेना. शुक्रवारही गेला. मला ओरडता येत नव्हते.

शनिवारी भाऊ ताईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "ताई, जुन्या कोडात बघा. बहुतेक मीच काहीतरी ठेवलंय तिथं."

ताई मला उघडून वाचत गेल्या. दोनशेव्या ओळीच्या आसपास ती सापडली, आणि त्यांनी ती दातांच्या फाइलीत नेऊन ठेवली.

रविवारी सकाळी संदेश गेला. थोड्या वेळाने नर्सबाईंचा फोन आला, "मास्तर आलेत. बसलेत खुर्चीवर."

मित्रांनो, ज्याचे त्याचे ज्याच्या त्याच्या घरी ठेवा. आणि जुन्यावर विश्वास टाकलात तरी त्याला अधूनमधून उघडून वाचा, शेवटपर्यंत वाचा. ओळ सापडताच ताईंनी मला मिटले. खाली, तीन हजारांच्या पुढे, आणखी एका ओळीशेजारी भाऊंनी लिहून ठेवले आहे: नंतर हलवू.